शेवटच्या दोन ओळी

"खाडाखोड केलीस तर अख्ख्या वर्गाचा निकाल राखून ठेवतील, कोळेकर. समजलं?"

इंगवले सरांनी तो लांबरुंद कागद माझ्यापुढं सरकवला. एक नव्हे, तीन कागद, मध्ये दोन कार्बन, वर टाचणी. तिन्हींच्या तळाशी बाहेरून आलेल्या परीक्षकांची सही आधीच होती. मार्क भरायच्या आधी सही! पण बाहेरच्या सरांना चारची कराड गाडी गाठायची होती, त्यांनी प्रोजेक्टचे मार्क सांगून इंगवले सरांना वहीत टिपायला लावले, कोऱ्या कागदांवर सह्या ठोकल्या आणि बॅग उचलून ते निघालेसुद्धा. आता वहीतले मार्क कागदावर उतरवायचे, पाकिटात घालायचे, लाखेचा शिक्का मारायचा आणि बोर्डाकडं धाडायचं, एवढंच राहिलं होतं.

हे काम सरांचं. पण सरांचं अक्षर असं, की फळ्यावर लिहिलेलं त्यांचं त्यांना लागायचं नाही. माझं अक्षर छापल्यासारखं. तीन वर्षं वर्गातल्या निम्म्या पोरांच्या ड्रॉइंग शीटवर नावं मीच घातली होती. म्हणून सर म्हणाले, "बस, मी सांगतो तसं लिही," आणि मी काय, शेफारून बसले. सरांनी आपल्याला बोलावलं याचाच आनंद. विद्यार्थ्यानं मार्कांच्या कागदाला हात लावायचा नसतो, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

एकोणीसशे एक्क्याण्णवचा मे महिना. आमच्या तालुक्याच्या गावच्या पॉलिटेक्निकचा ड्रॉइंग हॉल, वर पत्रा, अंगाची नुसती लाही. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला साठ जणं, त्यात मुली दोघी. मी वैजयंता कोळेकर आणि नसीम तांबोळी. मुलींचे नंबर यादीत शेवटी लावायची पद्धत होती, म्हणून माझा नंबर एकोणसाठ, तिचा साठ.

सर वहीतून वाचत होते, मी लिहीत होते. आकड्यात लिहायचं, मग शेजारी अक्षरांत. एक, नव्वद. दोन, एकशे चार. अठ्ठावन्न ओळी अशाच उतरल्या. हात इतका लागला होता, की डाव्या बाजूची छापील नावं बघायची मी कधीच सोडून दिली होती.

सरांनी वही मिटत आणली. "राहिल्या तुम्ही दोघी. नसीम एकशे बेचाळीस. तू एकशे अठरा."

मी लिहिलं. सरांनी कागद ओढून घेतला, सही केली, घडी घातली. तेवढ्यात शिपाई लाखेची कांडी पेटवून आला. लाल ठिबका पाकिटावर पडला, त्यावर पितळी शिक्का बसला.

एकोणसाठच्या ओळीत, म्हणजे माझ्या नावापुढं, एकशे बेचाळीस गेले होते. आणि नसीमपुढं एकशे अठरा.

मी तोंड उघडलं नाही. मला घामानं अंघोळ झाली होती, सरांना वाटलं उकाड्यानं. "जा, पाणी पी," म्हणाले.

*

नसीम कोण ते सांगायलाच हवं. तिच्या अब्बांचं बाजारपेठेत सायकल दुरुस्तीचं दुकान. ही बया शाळेत असल्यापासून पान्यांत वाढलेली. पंक्चर काढायची, वाकडं चाक सरळ करायची, आणि ते करताकरता काळ्या हातानं कागदावर यंत्रं काढत बसायची. आमचं दोघींचं प्रोजेक्ट होतं लागणीसाठी उसाच्या कांड्या कापायचं यंत्र, पायानं पॅडल मारून चालणारं. दुकानातल्या मोडक्या सायकलींतून तिनं ते उभं केलं. सगळं डोकं तिचं, सगळं ड्रॉइंग तिचं. मी अहवाल लिहिला. सुंदर अक्षरात.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी मला विचारलं, "हे चाक एवढं जड कशाला?" मी नुसती चाकाकडं बघत राहिले. नसीमला विचारलं तर ती दहा मिनिटं बोलत होती, मध्येच खाली बसून बोटानं फरशीवर काढून दाखवलं. सर "हं" एवढंच म्हणाले. तेव्हा एकशे बेचाळीस तिचे आणि एकशे अठरा माझे, यात अन्याय काही नव्हता. माझ्या मानानं एकशे अठरासुद्धा जास्तच होते.

आणि या मार्कांवर काय अडलं होतं? सगळंच. दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा केलेल्या आमच्यासारख्यांना थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता यायचं, पण दार एवढंसं उघडं. पुण्याच्या सरकारी कॉलेजात मेकॅनिकलला डिप्लोमावाल्यांच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यावर डोळा अख्ख्या महाराष्ट्राचा. शेवटच्या वर्षाच्या मार्कांची एकच यादी लागायची. वरच्यानं आधी निवडायचं, उरलं ते खालच्याला. आमच्या पॉलिटेक्निकमधून पुण्याला आजवर कुणी गेलेलं नव्हतं. माझे दादा, म्हणजे वडील, एसटी डेपोत मेकॅनिक. ते डेपोत सगळ्यांना सांगून बसले होते, "आमची वैजू पुण्याला जाणार, बघा."

निकाल जूनमध्ये लागला. मी पहिली. नसीम दुसरी. फरक दोन मार्कांचा.

नोटीस बोर्डापुढं पोरं माझं अभिनंदन करत होती. नसीमनं मला मिठी मारली. "वैजे! आगं पहिली आलीस की!" मग तिनं स्वतःच्या कागदावर बोट ठेवलं. "माझं प्रोजेक्ट बघ. एकशे अठरा. बाहेरच्या सरांना ड्रॉइंग पटलं नाही वाटतं."

"तसं काही नसेल गं."

"नाही, नाही. मी जरा जास्तच शहाणपणा केला. खाली बसून फरशीवर काय काढलं, वेडीच मी." ती हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. घशापर्यंत आलं होतं. पण 'अख्ख्या वर्गाचा निकाल राखून ठेवतील' हे सरांचं वाक्य कानात वाजलं आणि मी गिळून टाकलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी इंगवले सर आमच्या एसटी क्वार्टरवर आले. दादा डेपोत गेले होते. आईला कोण आनंद! सर स्वतः घरी आले! ती चहा ठेवायला आत गेली आणि सरांनी खिडकीकडं बघतबघत विचारलं, "मुद्दाम केलंस?"

"नाही, सर. तुम्ही नसीमचे आधी सांगितले, मी ओळीनं लिहीत गेले."

"मला निकाल बघून कळलं. रात्रभर डोळा नाही." सरांनी हातातली वर्तमानपत्राची घडी आणखी दुमडली. "कागद मी तुला लिहायला दिला. कोऱ्यावर सह्या घेतल्या. हे बाहेर आलं तर मी घरी बसणार. पाच वर्षं राहिलीत माझी. दोन मुली आहेत लग्नाच्या."

"ऑफिसातल्या प्रतीवर काय आहे, सर?"

"तेच. कार्बननं तिन्हीकडं तेच उतरलंय. खरं होतं ते फक्त माझ्या वहीत. ते पान मी काल फाडून चुलीत घातलं." ते उठले. "तू गप्प, मी गप्प. नसीम हुशार आहे, तिचं कुठंही चांगलंच होईल."

आई चहा घेऊन आली तोवर सर चपला घालत होते. तो चहा मीच प्यायले.

तिथनं पुढं मी सहा आठवडे भीतीत काढले. पोस्टमनची घंटी वाजली की बोर्डाचं पत्र. कॉलेजचा शिपाई रस्त्यात दिसला की गल्ली बदल. आणि सगळ्यात मोठी भीती नसीमच्या सायकलची. तिच्या सायकलला अब्बांनी दुहेरी घंटा बसवली होती, वळणावरनंच कळायचं ती येतेय. पूर्वी ती घंटा ऐकली की मी धावत दाराशी जायचे. आता धाबं दणाणायचं. हिला कळलं, हिला कुणीतरी सांगितलं, आता ही दारातच विचारणार.

एकदा ती आली ती ड्राफ्टर घेऊनच. ड्रॉइंग बोर्डाला लावायचं ते दोन दांड्यांचं यंत्र, तिचा जीव होता त्यावर. डब्यासकट माझ्या मांडीवर ठेवला.

"तूच ठेव. तुझा खिळखिळा झालाय ना."

"आणि तू?"

"मला आता कशाला? माझी रेघ चुकीची असते म्हणे." कोण म्हणे, ते तिनं सांगितलं नाही. तिचं तीच म्हणत होती. "अब्बा म्हणतात पुणं मिळालं तर जा, एकटी गेलीस तरी चालेल. पण मलाच धीर होत नाही बघ. तू असलीस तर तुझ्या मागंमागं रेटेन कसंतरी."

मी तो डबा कपाटात सगळ्यात खाली, गोधडीखाली ठेवला. कपाट उघडायचीसुद्धा मला भीती वाटायला लागली.

*

यादीत माझा नंबर त्र्याहत्तर, नसीमचा चौऱ्याहत्तर. खरे मार्क असते तर तिचा नंबर कुठंतरी चाळिसाच्या आत आला असता आणि तिनं डोळे मिटून पुणं घेतलं असतं. मी शंभराच्या पलीकडं गेले असते.

जागावाटप पुण्यात होतं, तंत्रशिक्षणाच्या कचेरीत. दादा आम्हां दोघींना घेऊन गेले. कडक इस्त्रीचा सदरा, वर टोपी, जणू माझं लग्नच ठरवायला निघालेत. आवारात झाडाखाली शेकडो पोरं आणि त्यांचे बाप. व्हरांड्यात फळा. फळ्यावर कॉलेजांची नावं, शाखा, आणि पुढं उरलेल्या जागा. आत कुणाची निवड झाली की एक शिपाई येऊन आकडा पुसायचा आणि कमी करायचा. आकडा पुसला की झाडाखाली कुणाच्या तरी काळजाचा ठोका चुकायचा.

आम्ही पोचलो तेव्हा पुणं मेकॅनिकलपुढं पाच लिहिलेलं होतं आणि आत पंचेचाळिसावा नंबर चालू होता.

"मिळतंय," दादा म्हणाले. "दोघींनाबी मिळतंय."

आधी कागदपत्रं तपासायची होती. टेबलावर चष्मा लावलेल्या एक बाई. त्यांनी माझी मार्कलिस्ट घेतली, पेन्सिल एकेका आकड्यावरनं खाली आणली आणि थांबवली.

"प्रोजेक्टला एकशे बेचाळीस? शाब्बास! काय बनवलं होतंस?"

"उसाच्या कांड्या कापायचं यंत्र." माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"बरं. मग पॅडल मारताना कांडं मध्ये आलं की झटका बसत असेल. त्याचं काय केलंत?"

मला आठवेना. खोटं कशाला, मला ते कधी कळलेलंच नव्हतं. बाई वाट बघत होत्या. वाटलं, संपलं, आता या उठणार, आत जाणार, फोन लावणार.

मागं उभी असलेली नसीम हळूच म्हणाली, "जड चाक घातलं, मॅडम. एकदा फिरायला लागलं की त्याच्या जोरानं कांडं कापलं जातं, पायाला झटका येत नाही."

बाईंनी तिच्याकडं पाहिलं. "तू कोण?"

"चौऱ्याहत्तर. प्रोजेक्ट आमचं दोघींचं होतं."

"दे तुझी मार्कलिस्ट."

दोन कागद टेबलावर शेजारीशेजारी आले. बाईंची पेन्सिल एकदा इकडं, एकदा तिकडं. एवढीशी पेन्सिल, पण मला तिच्यावरून नजर काढता येईना.

"एकाच प्रोजेक्टला हिला एकशे बेचाळीस आणि तुला एकशे अठरा?"

मी डोळे मिटून घेतले. देवाशपथ सांगते, त्या क्षणी मला वाटलं, बरं झालं, आता यांनीच विचारावं आणि सगळं बाहेर पडावं.

"तोंडीत मला नीट बोलता आलं नाही, मॅडम," नसीम म्हणाली. "हिनं छान सांगितलं."

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग दोन्ही कागदांवर शिक्का मारला. "पुढचे."

बाजूला आल्यावर मी नसीमला म्हटलं, "असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू? मार्क काय उगाच कमी पडतात होय? माझंच चुकलं असणार ना काहीतरी."

ती पाणी प्यायला गेली. मी फळ्याकडं बघितलं. पुणं मेकॅनिकल, दोन.

बहात्तर नंबरचा एक उंच मुलगा आत गेला. आतून त्याची आनंदाची आरोळी ऐकू आली. शिपायानं दोन पुसून एक केला.

"त्र्याहत्तर! कोळेकर!"

दादांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जा पोरी. एकच राह्यलीय, पण ती तुझीच." त्यांचे डोळे भरून आले होते. नसीमनं माझा हात दाबला. "घे पटकन. माझं बघू काय ते."

*

खोलीत लांब टेबल, तीन साहेब, पंखा. मधल्या साहेबांपुढं रजिस्टर उघडं होतं. सगळं शांत.

"बोल बाळ. पुणं मेकॅनिकल एक आहे. लिहू?"

एवढंच म्हणायचं होतं, 'लिहा'. त्या दोन अक्षरांसाठी तर सगळं गिळलं होतं. पण साहेबांनी पेनाचं टोक ओळीवर टेकवलं, आणि मला ड्रॉइंग हॉलमधला तो कागद दिसला. तीच रिकामी ओळ, आणि माझंच नाव.

"माळेवाडी," मी म्हटलं.

"काय?"

"माळेवाडीचं कॉलेज. मेकॅनिकल."

तिन्ही साहेबांनी माना वर केल्या. माळेवाडीचं कॉलेज दोन वर्षांपूर्वी माळावर सुरू झालं होतं. वर्कशॉपला अजून छप्पर नव्हतं. तिथं नव्वद जागा तशाच पडून होत्या.

"अगं, पुणं शिल्लक आहे. वडील आलेत का? बोलवू त्यांना?"

"नको! नको साहेब. माळेवाडीच लिहा."

"एकदा सही केलीस की बदल नाही."

मी सही केली. सुंदर अक्षरात.

बाहेर जायचं दार मागच्या अंगाला होतं, तिथनं आतले आणि झाडाखालचे एकमेकांना दिसत नसत. मागच्या पायऱ्यांवर मी बसले, आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा मला पोटभर श्वास आला. झालं. पुढचा नंबर नसीमचा. एक जागा शिल्लक, ती नसीमची. कुणाला काही सांगावं लागलं नाही, सरांची नोकरी राहिली, वर्गाचा निकाल राहिला, आणि ज्याचं त्याला मिळालं. दादांना काय सांगायचं ते नंतर बघू. मी स्वतःवर इतकी खूश झाले म्हणून सांगू! चांगुलपणा केल्याचा आनंद होता तो, आणि त्यात भित्रेपणा कुठं दडला होता ते मला दिसलंच नाही.

दार उघडलं. नसीम आली. हातात चिठ्ठी.

"वेडी का खुळी तू?" ती धापा टाकत होती. "साहेब म्हणाले आधीच्या मुलीनं माळेवाडी घेतलं. मला वाटलं माझी चेष्टा करतायत."

"ते जाऊ दे. तुझं दाखव. पुणं ना?"

तिनं चिठ्ठी पुढं केली. माळेवाडी.

मला आधी ते वाचताच येईना. "पुणं होतं की गं! एक होतं! मी ठेवलं होतं ना तुला!"

"होतं. साहेबांनी दोनदा विचारलं." ती माझ्या शेजारी बसली. "पण मी विचार केला, वैजू एकशे बेचाळीसवाली. ती जर पुण्याला घाबरली, तर एकशे अठरावालीनं तिथं जाऊन काय करायचं? पहिल्याच परीक्षेत बाहेर काढतील मला. तुला काहीतरी कळलं असणार म्हणूनच तू सोडलंस. मग मीपण सोडलं."

आतून शिपायाचा आवाज आला. पंच्याहत्तर नंबर. कुणीतरी मुलगा आत गेला, आणि दोन मिनिटांनी मागच्या दारानं बाहेर आला. मनगटानं डोळे पुसत होता. "पुणं मिळालं," असं तो आम्हांलाच म्हणाला. त्याला कुणाला तरी सांगायचं होतं. नसीमनं त्याचं अभिनंदन केलं.

तो गेला आणि मी सांगून टाकलं. पायरीकडं बघत, एका दमात. कागद, कार्बन, बाहेरच्या सरांची चारची गाडी, सरांनी तिचे मार्क आधी सांगितले ते, चुलीत घातलेलं पान.

नसीम म्हणाली, "म्हणजे चूक झाली."

तिनं मला सोडवलं होतं. 'हो' म्हटलं असतं तर तिथंच मिटलं असतं. मला अजून कळत नाही तेव्हा कुठनं बळ आलं.

"पहिली ओळ चूक होती," मी म्हटलं. "सरांनी 'तू एकशे अठरा' म्हटलं तेव्हा मी नाव बघितलं. तुझं नाव. तुझी ओळ तोवर कोरी होती, नसीम. आकड्यात लिहायचं होतं आणि मग अक्षरांत लिहायचं होतं. तेवढ्या वेळात मी सर, थांबा म्हणू शकत होते. खाडाखोडीची भीती वाटली, हे खरंय. पण पुणंही दिसलं. ते पण खरंय. आणि मी लिहिलं."

"अक्षरांतसुद्धा?"

"हो."

मला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, दोन पायऱ्या उतरली, परत चढली.

"म्हणजे एकशे बेचाळीस माझे होते?"

"तुझेच."

"बाहेरच्या सरांनी दिलेले? मी फरशीवर काढून दाखवलं, त्याचे?"

"हो, नसीम."

"मग मला येतंय की गं!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की शिपाई दारात येऊन उभा राहिला. "मला येतंय! सहा आठवडे मी रात्री उठून उठून ती ड्रॉइंगं बघितली, वैजे. चूक कुठाय ते हुडकत होते. सापडेना म्हणून आणखी रडायचे, की मला माझी चूकसुद्धा दिसत नाही!"

आणि मग ती तोंडावर ओढणी धरून जी रडायला लागली! मी तिच्या खांद्याला हात लावायला गेले तर तिनं तो झटकला. इतका वेळ मी भीत होते ते जागेसाठी, निकालासाठी, सरांसाठी. मी तिचं नक्की काय उचलून नेलंय ते मला त्या पायरीवर कळलं, आणि तेव्हा जी भीती वाटली तशी आधी कधीच वाटली नव्हती.

"मी लिहून देते," मी म्हटलं. "आत्ता साहेबांकडं जाऊ, मी सगळं लिहून देते."

"पान जाळलं म्हणालीस ना?" तिनं नाक पुसलं. "मग त्यांना दाखवणार काय? आणि पुणं गेलं आता. तो मुलगा घेऊन गेला."

परतीच्या गाडीत ती दादांच्या शेजारी बसली, मी मागं. दादांनी मला माळेवाडीचं कारण विचारलं नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली होती त्यांनी.

या गोष्टीला आता चौतीस वर्षं झाली. माळेवाडीला तीन वर्षं आम्ही एकाच वर्गात होतो, आणि नसीमनं माझ्याशी पहिलं सरळ वाक्य बोलायला त्यांतलं दीड वर्ष घेतलं. ते तिचं बरोबरच होतं. तिथं ती दरवर्षी पहिली आली आणि मी दरवर्षी काठावर. आज ती यंत्रांची डिझाइनं करून देते, पुण्यातच, आणि तिच्या हाताखाली त्या सरकारी कॉलेजातली पोरं आहेत. मी एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. मार्कांचा कागद आला की मी दाराला आतून कडी घालते आणि प्रत्येक ओळ नाव मोठ्यानं वाचून लिहिते. सहकारी हसतात. हसोत.

पण मला पुन्हापुन्हा आठवतं ते यांतलं काहीच नाही. आठवते ती पुण्याहून आल्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ. मी अंगणात धुणं वाळत घालत होते. वळणावर दुहेरी घंटा वाजली. माझ्या हातातली चादर खाली पडली. नसीम सायकलवरून उतरली, स्टँड लावला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

"माझा ड्राफ्टर दे."

मी आत धावले. कपाट उघडलं, गोधडी ओढून काढली, डबा बाहेर आणला. तिनं तो तिथंच उघडला, दांडी सरकवून बघितली, स्क्रू पिळून बघितला. मग कॅरिअरला सुतळीनं घट्ट बांधला, दोनदा ओढून खात्री केली, आणि गेली.